दोन बोटं माया

अठ्ठावीस किलो उतरवले, त्याला आता सहा वर्षं झाली.
तेव्हा जिनिंगच्या गेटवर शेठनं पेढे वाटले होते.
पेढे! मी अर्धा खाल्ला,
उरलेला रुमालात बांधून घरी नेला, तो मुंग्यांना गेला.

आता कोणी काही वाटत नाही.
उतरवणं दिसते लोकांना.
धरून ठेवणं दिसत नाही.

मी धर्मकाट्याच्या खिडकीत बसते.
भरली गाडी, खाली गाडी, मधला फरक म्हणजे कापूस.
दिवसभर पावतीवर तेच लिहिते.
गाडीचं बरं असते बाप्पा,
एकदा खाली झाली की घरापर्यंत खालीच जाते,
वाटेत तिच्यात कापूस उगवत नाही.

पहाटे साडेचारला पाटाच्या कडेनं निघते.
आधी तिघी होतो.
छबूचे गुडघे गेले,
शाळेच्या मॅडमची बदली झाली आर्वीला.
कुत्री ओळखतात आता, भुंकत नाहीत.
टॉर्चच्या उजेडात माझेच पाय
माझ्या पुढं पुढं जातात,
वर्षाचे तीनशे दिवस, कधी जास्तच.
कुठं पोचायचं म्हणून नाही.
आहे तिथंच राहायचं म्हणून.

परवा पुतण्याचं साक्षगंध होतं.
पंगतीत वाढणाऱ्या चित्रावहिनी अडून बसल्या,
"घे ना वं बेबी, आता काहाचं भेव?
झाली ना बारीक!"
बाजूची म्हणाली, "लई सुकली वं तू.
शुगर हाय का तुले?"
एकीला मी बरी झालेली, एकीला आजारी.
बुंदी घेतली. दोनदा घेतली.
वांग्याच्या भाजीवरची तर्री वाटीतून प्याले,
कोणी बघत नाही असं पाहून.

पण राग बुंदीचा नाही.
बुंदी खाल्ली, बुंदीचं भोगलं, हिशेब झाला.
राग त्या श्रावणाचा आहे,
ज्यात मी काहीच केलं नाही.
तेच चालणं, तीच एक भाकर, तेच पातळ वरण,
शेजारच्या पाटवड्यांचा वास
खिडकी लावून अडवला होता,
आणि महिनाअखेर दीड किलो परत.
ज्यानं चोरी केली नाही त्याच्या घरात
माल सापडावा, तसा.
कोणाला सांगू? डॉक्टर म्हणाले, "वय आहे, ताई."
नवरा म्हणाला, "मले तर तशीच दिसते."
त्याला मी अठ्ठ्याण्णवची होते तेव्हाही
तशीच दिसत होते.
हे प्रेम आहे की दुर्लक्ष,
एवढ्या वर्षांत कळलं नाही.

इस्राईलभाईनं तेव्हा सगळे ब्लाउज आत घेतले होते.
विचारलं, "माया कापून टाकू, का राहू देऊ?"
दोन बोटं राहू द्या, म्हटलं.
सगळ्याच बायका ठेवतात, कापड महाग असते.
परवा एक शिवण उसवली, साक्षगंधाआधी, थोडीच,
अर्ध्या बोटाएवढी.
आत जुना मोरपंखी रंग,
न विटलेला, जसाच्या तसा,
माझी वाट पाहत बसल्यासारखा.

संध्याकाळी गाड्या संपल्या.
आवारात कापसाचं भुस्कट उडत होतं.
मी काट्यावर जाऊन उभी राहिले, मधोमध.
घरच्या काट्याला शंभर ग्रॅमही दिसतात, मेल्याला.
हा मोठा काटा दहा किलोच्या खाली बघतच नाही.
आतून झिंगरूनं आकडा वाचला,
"सत्तर!"
मागच्या दिवाळीला सत्तर. त्याच्या आधीच्याही.
साऱ्या गावात हा एकटाच
माझं मन राखून बोलतो.

"पावती फाडू का ताई?" झिंगरू हसत होता.
"भरली लिहू का खाली?"

मी उभीच होते.
पायाखाली लोखंड अजून दुपारचं गरम.

लिही काहीही, म्हटलं,
मला पहाटे उठायचं आहे.